तान्ह्या बाळाच्या पोटात दूध किती जाते?

(वर्षावासातील रविवारच्या व्याख्यानमालेत विहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेसाठी विषय कळवा असे कार्यवाहांनी सांगितले तेव्हा आम्ही कागदावर लिहून दिले, "आईच्या अंगावरचे दूध बाळ किती पिते व ते कसे मोजतात". त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारले, "साहेब, बँकेतल्या माणसाने हा विषय का घेतला?" प्रश्न रास्त होता. आम्ही डॉक्टर नाही. बी. ए. ला आमचा इतिहास विषय होता आणि गेली वीस-बावीस वर्षे आम्ही काउंटरमागे बसून दुसऱ्यांचे पैसे मोजत आलो आहोत. पण मोजण्याची ही सवयच एकदा आमच्या घरात नडली. ती कशी नडली हे आधी सांगतो, म्हणजे हा विषय आम्ही का घेतला ते कळेल.

२००८ सालच्या मे महिन्यात आमच्या घरी पहिली मुलगी झाली. जन्माचे वजन २ किलो ८०० ग्रॅम. पाचव्या दिवशी दवाखान्यातून घरी सोडताना ते २ किलो ६०० भरले. आम्ही घाबरलो. दोनशे ग्रॅम गेले कुठे? हिशेबात दोनशे रुपये कमी आले तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसून ते शोधतो. इथे तर मूल कमी झाले होते. तान्ह्या बाळाचे वजन पहिल्या काही दिवसांत शेकडा सात ते दहापर्यंत उतरते आणि दहा ते चौदा दिवसांत पुन्हा जन्माच्या वजनावर येते, हे आम्हांला कोणी सांगितले नाही, किंवा सांगितले असेल तर आमच्या डोक्यात शिरले नाही. आमच्या लेकीचे उतरलेले वजन त्या हिशेबात अगदी बसत होते.

घरात बायकांची कुजबुज सुरू झाली. बाळ सारखे रडते, म्हणजे पोट भरत नाही. शेजारच्या आजी येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "पान्हाच नीट फुटला नाही गं हिला." मग रबरी फुग्याचा एक पंप आणला गेला. आमच्या पत्नीने अर्धा तास खटपट केली आणि वाटीच्या तळाशी दोन-तीन चमचे दूध जमले. ते पाहून ती रडायला लागली. आम्ही मात्र धीर द्यायचे सोडून एका ओळखीच्या कंपाउंडरकडून तबकडीचा वजनकाटा उचलून आणला. मनात विचार असा की, पाजण्याआधी वजन करावे, पाजल्यावर करावे, फरक काढावा. सकाळची शिल्लक आणि संध्याकाळची शिल्लक. यात चुकण्यासारखे काय आहे?

दोन दिवस आम्ही हा उद्योग केला आणि वहीत रकाने आखून आकडे लिहिले. दोनदा फरक शून्य आला. एकदा पन्नास ग्रॅम आला. आणि एकदा तर पाजल्यावर बाळ पन्नास ग्रॅमने कमी भरले! पत्नी म्हणाली, "अहो, काट्याला काय विचारताय, तिचा लंगोट बघा की. दिवसातून आठ वेळा बदलतेय मी." आम्ही ते ऐकले नाही. काटा खोटे कसे बोलेल? त्याच संध्याकाळी पावडरचा डबा आणि बाटली घरात आली.

पुढचे थोडक्यात सांगतो. बाळ बाटलीने पोटभर पिऊन तीन-तीन तास झोपू लागले, आणि आम्ही सगळे खूश झालो. बाळ अंगावर ओढेना म्हणून दूध कमी झाले. दूध कमी झाले म्हणून डबा वाढला. मे महिना, पाण्याची टंचाई, बाटली कधी उकळली जायची, कधी नुसती धुतली जायची. पंचविसाव्या दिवशी हगवण लागली आणि पोर चार दिवस सलाइनवर होते. ते चार दिवस आम्ही विसरलेलो नाही. तिथल्या एका वयस्कर परिचारिकेने पत्नीला जवळ बसवून घेतले आणि दर दीड-दोन तासांनी बाळाला अंगावर लावायला शिकवले. तीन आठवड्यांनी दूध बरेचसे परत आले. संपूर्ण आले नाही. दिवसातून एकदा डबा सहा महिने चालूच राहिला.

ती मुलगी आता बारावी पार करून गेली आहे. भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाची वही ती लिहीत होती तेव्हा आम्ही तिला हा प्रसंग सांगितला. तिने विचारले, "बाबा, त्या काट्याचं लघुत्तम माप किती होतं?" आम्ही म्हणालो, पन्नास ग्रॅमच्या रेघा होत्या. "आणि मधे लंगोट बदलला होता का?" बदलला होता. ओला काढून कोरडा घातला होता. त्यावर ती नुसती हसली.

विद्यार्थ्यांसाठी तिचे ते हसणे जरा उलगडून सांगतो. ज्या काट्यावर पन्नास-पन्नास ग्रॅमला रेघ आहे, त्यावर एका वाचनात सहज पंचवीस ग्रॅम इकडे-तिकडे होतात. आपण दोन वाचने घेऊन एकातून दुसरे वजा करतो, तेव्हा दोन्हींच्या चुका एकत्र येऊ शकतात. म्हणजे उत्तरात पन्नास ग्रॅमपर्यंत घोळ. आणि त्या वयाचे बाळ एका वेळी पिते किती? साधारण चाळीस-पन्नास ग्रॅम. मोजायची वस्तू आणि मोजण्यातली चूक सारख्याच आकाराची! त्यात बाळाने लाथ मारली की काटा थरथरतो, तो भाग वेगळा. आणि ओला लंगोट काढून टाकला की तीस-चाळीस ग्रॅम पाणी वजनातून गेले, जे बाळाच्या पोटात गेलेल्या दुधाच्या नावावर धरायला हवे होते. सोन्याच्या दुकानात अंगठी तोलायची आणि काटा वापरायचा भाजीवाल्याचा, असा तो प्रकार होता.

तेव्हा पद्धत चूक नव्हती, आम्ही चूक होतो. या पद्धतीला शंभर वर्षांहून जास्त इतिहास आहे. पॅरिसमध्ये पिएर बुदँ नावाच्या डॉक्टरांनी १८९२ साली ला शारिते रुग्णालयात तान्ह्या बाळांसाठी सल्ला केंद्र उघडले. गरीब आयांनी बाळाला घेऊन नियमाने यायचे, बाळाचे वजन व्हायचे, आईला अंगावर पाजण्यासाठी उत्तेजन द्यायचे, असा त्यांचा क्रम होता. त्या काळी फ्रान्समध्ये तान्ही मुले उन्हाळ्यात हगवणीने पटापट दगावत, म्हणून हा खटाटोप. तिथून काटा युरोपभर पसरला. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र त्याचे उलटे झाले. घड्याळ लावून दर तीन किंवा चार तासांनीच पाजायचे, आधी-नंतर तोलायचे, ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी भरले की वरचे दूध द्यायचे, अशी शिस्त पाश्चात्य देशांत बोकाळली. आयांच्या हाती बाटली देण्यात या शिस्तीचाही वाटा होता. बुदँच्या हातात ज्या काट्याने आईला बळ दिले, त्याच काट्याने पुढे तिचा धीर खचवला. आमच्या घरी मे २००८ मध्ये जे झाले ते याचेच छोटे रूप होते.

आता हे काम नीट कसे करतात ते पाहू. इलेक्ट्रॉनिक काटा असा लागतो की जो दोन किंवा पाच ग्रॅमपर्यंत वाचतो आणि बाळाच्या हालचालीची सरासरी काढून आकडा स्थिर करतो. बाळाला जे कपडे असतील त्यातच आधी तोलायचे, त्यातच नंतर. मध्ये लंगोट ओला झाला तरी काढायचा नाही. शी झाली तरी दुसरे वजन होईपर्यंत तशीच. दुपटे तेच, टोपरे तेच. आणि एकदा तोलून काहीच कळत नाही. पूर्ण चोवीस तास, रात्रीच्या पाजण्यांसह, प्रत्येक वेळी तोलावे लागते. तरीही आकडा थोडा कमीच येतो, कारण पिताना बाळाला घाम येतो, श्वासावाटे वाफ जाते. तेवढे वजन उडून गेलेले असते. काटेकोर अभ्यासात तेवढी शेकडा काही भर घालून घेतात.

असे काटेकोर काम ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात प्राध्यापक पीटर हार्टमन यांच्या संशोधक गटाने केले व २००६ साली प्रसिद्ध केले. १ ते ६ महिने वयाची, फक्त अंगावर पिणारी, नीट वाढणारी ७१ बाळे त्यांनी घेतली आणि आयांनीच घरी चोवीस तास तोलले. सरासरी दिवसाला ७८८ ग्रॅम दूध निघाले. पण ही सरासरी ऐकून घरी जाऊ नका. सर्वांत कमी पिणारे बाळ ४७८ ग्रॅम पीत होते आणि सर्वांत जास्त पिणारे १३५६. जवळजवळ तिप्पट फरक, आणि दोघेही धडधाकट! कोणी दिवसातून ६ वेळा पीत होते, कोणी १८ वेळा. एका वेळचे दूध शून्यापासून २४० ग्रॅमपर्यंत. होय, शून्यसुद्धा, बाळ कधी नुसते जवळ यायला येते, प्यायला नव्हे. आईजवळ जेवढे दूध असे त्याचा सरासरी दोन-तृतीयांश भागच बाळ पिऊन घेई, बाकीचे ठेवून देई. म्हणजे शेवटचा थेंब बाळाने ओढला आणि आई रिकामी झाली, हा आपला समज खरा नाही. या एका अभ्यासाने आमच्या वहीतले सगळे रकाने निकालात काढले. त्या दोन शून्यांवरून आम्ही एका आईला नापास करून टाकले होते.

पंपाने जे निघते तेही माप नव्हे. बाळाने ओठ लावले, आईने त्याचा वास घेतला, की तिच्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचा स्राव सुटतो आणि दूध खाली उतरते. आपल्या आया-आज्या याला पान्हा फुटणे म्हणतात. चार माणसे दाराबाहेर कान लावून बसलेली, हातात रबरी फुगा, मनात भीती. अशा वेळी पान्हा कुठून फुटणार? वाटीतले दोन चमचे दूध आमच्या पत्नीचे माप नव्हते. ते आमच्या घरातल्या वातावरणाचे माप होते.

आता दुसऱ्या पद्धतीकडे वळतो. ही आम्हांला फार आवडली, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी इकडे विशेष लक्ष द्यावे. काटा नको, रात्रीची जागरणे नकोत, पाजताना कोणी डोकवायला नको. आईने फक्त एक घोट पाणी प्यायचे.

हे पाणी साधे नसते, जड पाणी असते. पाण्याच्या रेणूत हायड्रोजन असतो हे आठवी-नववीचा मुलगाही सांगेल. या हायड्रोजनचा एक दुप्पट वजनाचा भाऊ आहे, त्याचे नाव ड्युटेरियम. अमेरिकेत हॅरोल्ड युरी यांनी १९३१ साली तो शोधला आणि १९३४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. तो किरणोत्सर्गी नाही. आपण आत्ता बाटलीतून प्यालेल्या पाण्यातही तो आहे, दर सहा-साडेसहा हजार हायड्रोजनमागे एक. जड पाणी म्हटले की आपल्याला अणुभट्टी आठवते, आणि ते साहजिक आहे. आपल्याच रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ थळ येथे जड पाण्याचा मोठा कारखाना आहे. पण त्याच जातीचे थोडेसे शुद्ध पाणी बाळाचे दूध मोजायलाही उपयोगी पडते, हे आम्हांला पन्नाशीकडे झुकताना कळले.

इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या डन न्यूट्रिशन युनिटमध्ये कॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ ते १९८२ च्या दरम्यान ही पद्धत बसवली. आई सुमारे ३० ग्रॅम जड पाणी पिते. काही तासांत ते तिच्या अंगातल्या सगळ्या पाण्यात मिसळते: रक्तात, लाळेत, दुधातही. पुढचे दोन आठवडे काही ठरावीक दिवशी आईच्या आणि बाळाच्या तोंडात कापसाचा बोळा फिरवून थोडी लाळ घेतात. आईच्या लाळेतले ड्युटेरियम रोज कमी होत जाते, कारण ती रोज साधे पाणी पिते आणि जुने बाहेर पडते. बाळाच्या लाळेत आधी ड्युटेरियम जवळपास नसतेच म्हणावे. मग ते वाढत जाते, काही दिवसांनी शिखर गाठते आणि उतरू लागते. बाळाने तर जड पाणी प्यालेले नाही. मग ते आले कुठून? आईच्या दुधातूनच. दुसरी वाटच नाही.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर एका खात्यातल्या नोटांवर बारीक खूण केली आणि त्या नोटा दुसऱ्या खात्यात किती व केव्हा आल्या ते पाहिले, की मधला सगळा व्यवहार उलगडतो. आईची उतरती रेषा आणि बाळाची चढती-उतरती रेषा एकमेकींशी मांडून बाळाने रोज सरासरी किती दूध घेतले ते गणिताने काढतात. दुधात शेकडा ८७ भाग पाणीच असते, म्हणून पाण्यावरून दूध काढणे अवघड जात नाही. लाळ तपासायला अवरक्त किरणांचे यंत्र लागते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ही पद्धत अनेक देशांत पोचवली आणि आपल्याकडे बेंगळुरूच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेतही तिच्यावर काम झाले आहे. बारा देशांतली सुमारे अकराशे मोजमापे एकत्र करून २०१० साली जो निष्कर्ष छापला गेला, त्यात पहिल्या वर्षातली सरासरी दिवसाला ७८० ग्रॅम निघाली. पर्थच्या आयांनी काट्यावर काढलेल्या आकड्याच्या किती जवळ! दोन अगदी वेगळ्या वाटांनी गेलेले हिशेब असे एकमेकांशी टॅली होतात, तेव्हा आमच्यासारख्या माणसाला जो आनंद होतो तो सांगून कळणार नाही.

या पद्धतीचा आणखी एक गुण आहे, आणि तो जरा अडचणीचा आहे. बाळाच्या शरीरातून एकूण पाणी किती खेळले हेही त्या रेषांवरून कळते. आईच्या दुधातून आलेले पाणी त्यातून वजा केले आणि तरी बरेच शिल्लक राहिले, तर ते बाहेरून आले. म्हणजे कोणीतरी चमच्याने पाणी पाजले, घुटी दिली, किंवा वरचे दूध दिले. "फक्त अंगावरच पाजते" असे सांगणाऱ्या अनेक आयांच्या बाळांत असे बाहेरचे पाणी निघाले आहे. त्या खोटे बोलतात असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या घरात मे महिन्यात "लेकराचा घसा सुकला असेल" म्हणून आजी परस्पर दोन चमचे पाणी पाजते, आणि ते पाजणे मोजण्यासारखे आहे असे कोणालाच वाटत नाही. पण बाळाचे पोट लहान. दोन चमचे पाणी गेले की तेवढी दुधाची जागा गेली, आणि त्या पाण्यातून काय पोटात गेले ते वेगळेच. दिल्लीच्या कडक उन्हाळ्यात डॉ. सचदेव व सहकाऱ्यांनी हे तपासून १९९१ साली प्रसिद्ध केले: फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांना वरून पाण्याची गरज लागत नाही. दिल्लीच्या उन्हाळ्यात लागत नाही, तर अकोल्यात का लागावी?

इथे कोणीतरी विचारील, आणि विचारावेच, की पर्थच्या आया खाऊन-पिऊन सुखी. आमच्या आयांचे काय? मजुरी करून आलेली, हिमोग्लोबिन कमी असलेली आई पुरेसे दूध देणार कशी? याचे उत्तर आपल्याच देशात शोधले गेले आहे. डॉ. सी. गोपालन यांनी १९५० च्या दशकात कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत असताना दक्षिण भारतातल्या गरीब आयांचा अभ्यास केला. तुटपुंज्या आहारावर जगणाऱ्या या आयाही महिनोन् महिने दिवसाला सुमारे ४०० ते ६०० मिलिलिटर दूध देत होत्या. पुढे आफ्रिकेतील गँबियाच्या केनेबा या खेड्यात केंब्रिजच्याच मंडळींनी पाजणाऱ्या आयांना रोज बराच जादा आहार देऊन पाहिला. दूध वाढले नाही. आयांची स्वतःची प्रकृती मात्र सुधारली.

याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही ध्यानात ठेवले पाहिजेत. "तू नीट खात नाहीस म्हणून दूध येत नाही" हे सुनेला ऐकवायचे वाक्य बहुतेक वेळा चूक आहे. शरीर आधी बाळाचे भागवते. पण ते भागवते कोणाच्या जिवावर? आईच्या हाडामांसावर. आपल्या आयसीएमआरने पाजणाऱ्या आईसाठी पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० कॅलरी जादा धरल्या आहेत, त्या बाळाचे दूध वाढावे एवढ्यासाठी नव्हेत; आई झिजू नये म्हणून आहेत. आपल्या वस्तीतल्या किती बाळंतिणींच्या ताटात त्या जादा भाकरी पडतात, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

आणि नुसते ताट पुरत नाही, वेळही लागतो. बाळ दिवसातून आठ-दहा वेळा पिणार आणि आई दिवसभर कामावर, हे गणित जुळत नाही. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात प्रसूती-लाभाचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९६१ साली देशभराचा कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. आमच्या बँकेतल्या भगिनींना ती मिळते. ऊसतोडीला गेलेल्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या भगिनींचे बाळ मात्र मोठ्या बहिणीच्या कडेवर असते. तिथे दूध आईच्या अंगात असते आणि बाळ दोन किलोमीटरवर. हे अंतर कुठल्याच काट्यावर मोजले जात नाही.

मोजणे नकोच, असे मात्र आमचे म्हणणे नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची गोष्ट वेगळी. दीड किलोचे बाळ दिवसाला किलोमागे सुमारे दीडशे मिलिलिटर या हिशेबाने सव्वादोनशे मिलिलिटर दूध घेते. बारा वेळा दिले तर एका वेळी एकोणीसच्या आसपास. तिथे पाच मिलिलिटरही महत्त्वाचे असतात. ते वाटी-चमच्याने किंवा नळीने मोजूनच द्यावे लागते, आणि ते काम दवाखान्यातल्या जाणत्या हातांचे आहे. अशा बाळांसाठी मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्ध पेढी सुरू केली, आशियातली पहिली. तिथे आयांनी दिलेले दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून, तपासून, गोठवून ठेवतात. पेढी म्हणजे बँकच की! आमच्या धंद्यातले हे नाव इतक्या चांगल्या कामाला लागलेले पाहून बरे वाटते.

पूर्ण दिवसांच्या, नीट जन्मलेल्या बाळासाठी घरी काय पाहावे? पत्नीने सांगितले होते तेच: लंगोट. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळाने चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट रंगाची लघवी केली, दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर आले आणि पुढे आठवड्याला सरासरी दीडशे-दोनशे ग्रॅम वाढत राहिले, की दूध पुरते. हेही एक मोजणेच आहे. फक्त दुधाऐवजी दुधाने केलेले काम मोजायचे. प्रसूतीनंतर आशाताई घरी येऊन बाळाचे वजन करते ते याचसाठी. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा, हे तिच्या भेटीचे दिवस. खेड्यातल्या घराघरात जाऊन नवजात बाळाला तोलायचे आणि सांभाळायचे हे काम आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभे करून दाखवले, आणि १९९९ साली त्याचा निष्कर्ष जगापुढे आला. आशाताई आली की तिला दारातून परत पाठवू नका. लघवी कमी झाली, बाळ मलूल पडले, ओढेनासे झाले, किंवा चौदा दिवसांनीही वजन परत आले नाही, तर मात्र घरात कुजबुज न करता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि डब्याचा सल्ला कोणी सहज दिलाच तर डब्यावरची अक्षरे वाचावीत. १९९२ च्या कायद्याने कंपनीला त्या डब्यावरच छापावे लागते की आईचे दूधच बाळासाठी सर्वोत्तम आहे. त्याच कायद्याने आयांना फुकट नमुने वाटायलाही बंदी घातली.

आमच्या घरी २०१२ साली मुलगा झाला. त्या वेळी काटा आणला नाही. आठवड्याला एकदा दवाखान्यात वजन, आणि रोज लंगोट किती झाले ते पत्नी भिंतीवरच्या कालनिर्णयवर रेघोट्या मारून ठेवी. आम्ही फक्त ते वाळत घालायचे काम केले. २००८ ची ती वही अजून कपाटात आहे. पत्नी म्हणते, राहू द्या.

शेवटी एक सूचना. संस्थेच्या महिला मंडळाने वर्गणी काढून पाच ग्रॅमपर्यंत वाचणारा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला आहे. तो विहारातल्या ग्रंथालयाच्या कपाटात आहे आणि दर रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत बाळांचे वजन विनामूल्य करून कार्डावर लिहून दिले जाईल. येताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि कोरडे दुपटे आणावे. बाळाचे वजन कपडे काढून, आठवड्यातून एकदाच केले जाईल. पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर असे दोनदा करून मिळणार नाही.